पारशी धर्मातील देह आणि आत्मा

देह हा आत्म्याचा पिंजरा, ही धारणा भारतीय मनात खोल रुजलेली आहे. जरथुश्त्री धर्माची भूमिका मात्र जवळपास उलट आहे. 'बुंदहिश्न' या पहलवी ग्रंथातील कथेनुसार, अहुर मज्दाने मानवांच्या फ्रवशींना, म्हणजे दिव्य मूलरूपांना, विचारले : अमूर्त जगात निर्धास्त राहावयाचे की देह धारण करून अहरिमनाशी झुंजावयाचे? फ्रवशींनी देह पत्करला. जन्म ही शिक्षा नव्हे. ती स्वेच्छेने स्वीकारलेली मोहीम होय. याच ग्रंथात मनुष्याचे पाच घटक सांगितले आहेत : तन, प्राण, रवान (आत्मा), प्रतिरूप आणि फ्रवहर. अग्यारीच्या दर्शनी भागावरील पंखधारी आकृती फ्रवहराची मानली जाते. अभ्यासकांत मात्र त्याविषयी मतभेद आहेत.

देहाला असा मान असल्याने उपवास, ब्रह्मचर्य आणि देहदंड यांना या धर्मात पुण्याचे स्थान नाही. एकादशी पाळणाऱ्या शेजाऱ्यांना हे नवलाचेच वाटावे. युगान्ती मृतांना पुन्हा देह लाभेल, अशीही श्रद्धा आहे.

मग मृतदेह इतका अपवित्र का? कारण प्राण जाताच त्यावर 'नसु' या विनाशशक्तीचा ताबा येतो. अग्नी, पृथ्वी व जल यांना तिचा स्पर्श होऊ नये, म्हणून मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीच्या दोखम्यात देह गिधाडांच्या स्वाधीन केला जाई. आत्मा तीन रात्री देहापाशी घुटमळतो. चौथ्या पहाटे तो चिन्वत पुलाशी पोहोचतो, तेव्हा स्वतःची दएना, म्हणजे सदसद्विवेकाची मूर्ती, कर्मांनुसार सुंदर तरुणी वा कुरूप स्त्री होऊन त्याला सामोरी येते.

या कल्पनांना गूढवादी वळण दिले ते बेहरामशाह श्रॉफ (१८५८-१९२७) यांनी. त्यांच्या 'इल्मे क्ष्नूम' पंथाने सूक्ष्म देह, पुनर्जन्म आणि शाकाहार यांचा पुरस्कार केला. यांपैकी पुनर्जन्माची कल्पना सनातनी दस्तुरांना मान्य झाली नाही आणि ती उपलब्ध धर्मग्रंथांशी जुळवणेही कठीण आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र प्रश्न तत्त्वज्ञानाचा उरला नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे मेली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९० टक्क्यांहून अधिक घटली होती. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसविण्यात आले; पावसाळ्यात त्यांचा उपयोग तो किती! २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशी प्रार्थनागृह सुरू झाले. सायरस मिस्त्री (२०२२) आणि रतन टाटा (२०२४) यांचे अंत्यसंस्कार वरळीतच दहनाने झाले. अग्नीला शवस्पर्श नको म्हणणारे आणि आत्म्याचा प्रवास देहाच्या विल्हेवाटीवर अवलंबून नाही म्हणणारे, असे दोन पक्ष समाजात आजही आहेत. चौथ्या पहाटेची प्रार्थना मात्र दोघेही म्हणतात.