आजोबांची बॅटरी

शनिवारी आळंदीला आजोबांकडे गेलो होतो. वारीसाठी त्यांना छोटा एलईडी टॉर्च नेला होता. साधा पेन्सिल सेल, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड आणि त्याच मापाचा १४५०० लिथियम-आयन, तिन्ही चालतात.

आजोबा टॉर्चला 'बॅटरी'च म्हणतात. तसं चूक नाही. १८८६ मध्ये कार्ल गासनरने कोरड्या सेलचं पेटंट घेतलं, म्हणून तर १८९९ मध्ये डेव्हिड मिसेलचा हातात धरायचा टॉर्च पेटंट झाला. १९०५ पासून एव्हरेडीचे सेल भारतात यायला लागले. आजोबांच्या जुन्या टॉर्चमध्ये दोन जाडे सेल, म्हणजे ३ व्होल्ट. सेल उतरले की उजेड पिवळा.

पांढऱ्या एलईडीलाही साधारण ३ व्होल्ट लागतात. पेन्सिल सेल देतो १.५, निकेलवाला १.२, उरलेलं काम आतलं सर्किट करतं. लिथियम मात्र ३.७! उजेड एकदम झक्कास. पण तोच चुकून रेडिओत घातला तर रेडिओ गेलाच.

मी हे सगळं समजावलं. आजोबांनी एवढंच विचारलं, "तरडगावच्या टपरीवर यातला कुठला मिळंल?"

असो. चार पेन्सिल सेल पिशवीत टाकले. लिथियमवाला मी परत आणला.