गोदावरी खोरे आणि द्राक्षमद्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नाशिक परिसरात आज काबर्ने सोव्हिन्यो द्राक्षांची वाइन ओकच्या पिंपांत मुरविली जाते. 2001 च्या राज्य धोरणाने या उद्योगास चालना दिली. तथापि गोदावरी खोऱ्याचा द्राक्षमद्याशी संबंध प्राचीन आहे. पैठण व तगर (तेर) येथील माल भरुकच्छ बंदरात जात असे, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ सांगतो. त्या बंदरात इटालियन मद्यास विशेष मागणी होती व राजासाठी उंची मद्य येई. नेवासे येथील 1954-56 च्या उत्खननात अॅम्फोरा कुंभांची खापरे मिळाली. मात्र अशा कुंभांतून तेलही येत असे. शिवाय भारतातील काही ‘रोमन’ कुंभ मेसोपोटेमियन असल्याचे पुढे सिद्ध झाले. म्हणून पूर्णा परिसरातील पांढरीवर असे खापर आढळल्यास त्यावरून सर्वसामान्यांच्या मद्यपानाचा निष्कर्ष काढणे इतिहासदृष्ट्या समर्थनीय ठरणार नाही.