लिबर्टास अमेरिकाना

‘लिबर्टास अमेरिकाना’ या पदकावर ४ जुलै १७७६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची तारीख आहे. पदक पाडले गेले मात्र १७८३ मध्ये, पॅरिसच्या टाकसाळीत. त्यावरचा ‘जुलै’ही फ्रेंच पद्धतीने कोरलेला आहे.

कल्पना बेंजामिन फ्रँकलिन यांची. ते तेव्हा फ्रान्सच्या दरबारी अमेरिकेचे वकील होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला (हाच पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला), आणि मार्च १७८२ मध्ये फ्रँकलिन यांनी परराष्ट्र सचिव लिव्हिंग्स्टन यांना पत्रातून पदकाचा आराखडा कळवला. पाळण्यातल्या बाळ हर्क्युलिसने दोन साप गळा दाबून मारावेत, अशी त्यांची कल्पना होती. बाळकृष्णाच्या पराक्रमांवर वाढलेल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. बाळ म्हणजे अमेरिका. साप म्हणजे इंग्रजांची शरण आलेली दोन सैन्ये, एक १७७७ मध्ये साराटोगाला आणि दुसरे यॉर्कटाऊनला. या दोन्ही शरणागतींच्या तारखा पदकाच्या मागील बाजूस याच चित्राच्या तळाशी आहेत. बाळाची राखण करणारी मिनर्व्हा देवी म्हणजे फ्रान्स. झेप घेणाऱ्या बिबट्याला, म्हणजे इंग्लंडला, ती आपल्या ढालीवर अडवते. ढालीवर फ्रेंच राजघराण्याची लिलीची फुले आहेत. जाहीरनाम्याची तारीख मिरवणारे हे पदक मुख्यतः मित्राचे उपकार मानण्यासाठीच होते, हे इथे उघड होते.

मागील बाजूचे चित्र जिबलँ या चित्रकाराने काढले. साचे ओग्युस्तँ द्युप्रे याने कोरले. दर्शनी बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता आहे आणि तिच्यामागे काठीवर टोपी. प्राचीन रोममध्ये मुक्त झालेला गुलाम अशी टोपी घालत असे. मागील बाजूसाठी रोमन कवी होरेसची ओळ सुचवली ती फ्रँकलिन यांचे मित्र सर विल्यम जोन्स यांनी. १७८३ मध्येच कलकत्त्यास न्यायाधीश म्हणून आलेले, एशियाटिक सोसायटी स्थापणारे आणि ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे जोन्स ते हेच. शत्रुराष्ट्राच्या विजयपदकाला इंग्रज विद्वानाने बोधवाक्य पुरवावे, हा मैत्रीचा दुर्मीळ नमुनाच.

एप्रिल १७८३ पर्यंत पदके वाटली गेली. इंग्लंडशी अंतिम तह व्हायला अजून काही महिने होते. सोन्याचे एक पदक राजा सोळाव्या लुईला आणि एक राणीला मिळाले, मंत्र्यांना चांदीची. अमेरिकी काँग्रेसच्या अध्यक्षांनाही चांदीचेच गेले. लिव्हिंग्स्टन यांच्या वाट्याला तांब्याचे आले.

अमेरिकेची स्वतःची टाकसाळ १७९२ मध्ये उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथल्या अर्ध्या सेंटच्या नाण्यावर याच पदकावरून घेतलेली देवता टोपीसह आली. त्याच वर्षी जानेवारीत सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला होता. त्याला आणि राणीला दिलेली सोन्याची दोन्ही पदके आज बेपत्ता आहेत.