वेस, बुरूज आणि हिंगण्याची झोपडी

बसच्या पाटीवर ‘कर्वेनगर’ लिहिलेलं असतं, पण आमच्यातल्या जुन्या घरांतल्या आजी अजून ‘हिंगण्यात’च राहतात. हे मूळचं हिंगणे बुद्रुक. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसीतून आले. धाकटं हिंगणे मुठेच्या पलीकडे, सिंहगड रस्त्याला. या नावावरून जुनं गाव कसं असायचं, ते आज बोलू.

कसायची जमीन ती काळी आणि राहायची ती पांढरी. पांढरीभोवती दगडमातीची भिंत असे, तिला गावकूस म्हणत. भिंतीतला दरवाजा म्हणजे वेस, वेशीशी मारुती. मोठ्या गावात पाटलाची नाहीतर देशमुखाची गढी असे आणि तिच्या कोपऱ्यांना बुरूज. बुरूज खाली दगडाचा, वर पुष्कळदा पांढऱ्या मातीचा. भिंतीत जंग्या ठेवलेल्या, म्हणजे आतून बंदूक रोखायची भोकं. बुरुजावरच्या माणसाला लांब धुरळा दिसला की हाकाटी व्हायची. गुरं आत, लेकरं आत, वेस बंद. धान्य जमिनीखाली पेवांत लपवलेलं. पेंढारी घोड्यांवरून यायचे, त्यांना फार थांबायला वेळ नसे, म्हणून एवढ्यावरही गाव तगायचं.

पुणंसुद्धा तेव्हा लहानशा कोटाचंच गाव होतं. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ते जाळलं, कोट पाडला आणि गाढवाचा नांगर फिरवला. भांडणात आपण सहज म्हणून जातो, ‘गाढवाचा नांगर फिरवीन’. ती ही शिक्षा. पुढे जिजाऊ लहान शिवबांना घेऊन आल्या, वस्ती पुन्हा बसवली, कसबा गणपतीचं देऊळ उभं केलं. आधी घरं आणि देव, मग बाकीचं. हे आम्हाला फार बाईमाणसासारखं वाटतं.

पण भिंतीचा न्याय सगळ्यांना सारखा नव्हता. वेशीची राखण करणाऱ्या महारांची घरं गावकुसाबाहेर. धाड आली की पहिला वार त्यांच्यावर. आणि बाईची अब्रू ‘वेशीला टांगली’ असं भाषाच म्हणते. बाहेरचा शत्रू बुरुजावरून दिसायचा. घरातल्या विधवेला जे भोगावं लागे, त्यासाठी कुठल्या बुरुजावर पहारा नव्हता.

1818 मध्ये पेशवाई गेली, पेंढाऱ्यांचाही मोड झाला, तसे बुरूज निकामी झाले. लोकांनी गढ्यांची पांढरी माती नेली, कुणी धाब्यावर टाकायला, कुणी शेताला खत म्हणून. पाट्या बहुतेक बायकांच्याच डोक्यावर असणार. आजही पावसात ढासळत चाललेल्या गढ्या गावोगाव दिसतात.

आता हिंगण्याकडे येऊ. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे वेस बंदच झाली, फक्त आपल्याच माणसाला. 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू झालं. मग प्लेग आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्यात सहा एकर जागा आणि झोपडीसाठी 750 रुपये दिले, आणि 1900 मध्ये आश्रम इथे आला. कूस नाही, बुरूज नाही, धड रस्ताही नाही. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी पायी इथे यायचे, सामान हातात घेऊन. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले संस्थेसाठी वर्गणी मागत थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. ज्या बाईने घराबाहेर पाऊल टाकणंही पाप समजलं जायचं, तिने हे केलं. 1916 मध्ये महिला विद्यापीठाचा पायाही याच माळावर घातला गेला.

मग गावाचं नावच बदललं. गढीवाल्यांची नावं गावांना लागलेली पुष्कळ ऐकली. हे मात्र झोपडीवाल्याचं आहे.

पुढच्या भागासाठी एक काम. माहेरी गेलात की तिथली वेस कुठे होती ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. गढी, बुरूज असेल तर कुणाचा, माती कुणी नेली, वेशीबाहेर कोण राहायचं, तेही. वहीत लिहून बैठकीला आणा. पुढच्या वेळी तेच वाचू.