गावची पंचायत आणि आपले पाणी

शहरात नळ कोरडा पडला की आपण वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडतो. गावाकडे नगरपालिका नाही. तिथे पाणी, दिवाबत्ती, गल्लीतला रस्ता हे सारे ग्रामपंचायतीच्या हातात. तेव्हा पंचायत कुणाच्या ताब्यात, यावर आपल्या वस्तीचे पाणी ठरते.

इंग्रजी अमदानीत गावचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे आणि राबणूक आपल्या बापजाद्यांकडे होती. सरकारी निरोप पोचवणे, चावडीवर हजर राहणे, मेलेली गुरे ओढणे, सगळे वतनापोटी. गावाची सेवा करायची आपण, अन् गावच्या विहिरीवर मज्जाव आपल्यालाच!

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी खर्चाच्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण कागदावरच. अंमलबजावणी नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या हाती, अन् तिथे बसलेले कोण? म्हणून १९२६ साली बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला : ठराव न पाळणाऱ्यांची ग्रँट बंद करा.

ऑक्टोबर १९३२ मध्ये कौन्सिलात ग्रामपंचायत बिल आले. परमपूज्य बाबासाहेबांनी त्यावर कडाडून टीका केली. जातीने बांधलेल्या गावात पंचांच्या हाती न्यायनिवाडा देऊ नका आणि अस्पृश्यांना राखीव जागा द्या, नुसत्या मताधिकाराने भागणार नाही, अशी त्यांची मागणी होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतही त्यांनी खेड्याच्या खोट्या गौरवाला विरोध केला.

राखीव जागांची हमी घटनेतच यायला ७३ वी दुरुस्ती लागली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. लोकसंख्येप्रमाणे अनुसूचित जातींना जागा, सरपंचपदही पाळीपाळीने राखीव. त्याआधी १९९० मध्ये केंद्राने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले होते. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत.

पण बंधू-भगिनींनो, खुर्ची मिळाली म्हणजे कारभार मिळाला असे नव्हे. सरपंच आपला अन् सही दुसऱ्याच्या सांगण्यावरून, असे होता कामा नये. पंचायतीने उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावेत असा नियम आहे. आपल्या गावच्या ग्रामसभेत हा हिशेब कुणी मागतो का? गावी राहणाऱ्या भावाला, वहिनीला ग्रामसभेत उभे राहून तो मागायला सांगा. महाडला पाण्यासाठी जे झगडले, त्यांचे उरलेले काम हेच आहे.

जयभीम!