होळकरांचा कोटी आणि रुळांची रुंदी

माळव्यातील जुन्या मराठी घराण्यांत ‘महाराजांनी इंदूरला आगगाडी आणली’ असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु या व्यवहारात महाराजांच्या हाती काय होते आणि काय नव्हते, हेही पाहिले पाहिजे.

लोहमार्ग हा त्या काळातील अतिशय खर्चिक तांत्रिक उद्योग. आरंभी तो विलायती कंपन्यांनी उभारला आणि त्यांच्या भांडवलावर साधारणपणे ५ टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली. उत्पन्न कमी पडले, की तूट हिंदी रयतेच्या करांतून भरून निघे. साहजिकच काटकसरीची निकड कंपन्यांना वाटेना. म्हणून १८६९ च्या सुमारास सरकारने स्वतःच मार्ग बांधण्याचे धोरण स्वीकारले. आता पैसा कोठून आणावयाचा आणि कोणता मार्ग आधी घ्यावयाचा, असे दोन प्रश्न उभे राहिले.

इंदुरापुरते तरी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच निघाले. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी राजधानीपर्यंत लोहमार्ग यावा म्हणून सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी इंदूर–नीमच मार्गासाठी ७५ लाख रुपये ४ टक्क्यांनी दिले. मोजणी लवकर झाली, कामास वेग आला. खंडवा–सनावद हा पहिला टप्पा १ डिसेंबर १८७४ रोजी खुला झाला. नर्मदेवरील १४ गाळ्यांचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ रोजी तुकोजीरावांच्या हस्ते मालवाहतुकीस खुला झाला. पुढे चोरल नदीच्या खोऱ्यातून, चार बोगद्यांतून वाट काढीत गाडी विंध्याचा घाट चढली.

रुळांची रुंदी मात्र धनकोने ठरविली नाही. लॉर्ड मेयोंच्या सरकारने १८७० मध्ये खर्च वाचविण्यासाठी सरकारी मार्गांकरिता मीटरगेजचा पुरस्कार केला. खंडव्यावरून जाणारा जी.आय.पी.चा मुंबई मार्ग साडेपाच फूट रुंदीचा होता. परिणामी माळव्याचा माल खंडव्यास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. बांधणीत वाचलेला पैसा असा हमालीत आणि खोळंब्यात जाऊ लागला. १८८२ मध्ये होळकरांचा आणि शिंद्यांचा हे दोन्ही मार्ग राजपुताना–माळवा रेल्वेत विलीन झाले.

सरकारच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रुंद मार्गाला घाटात वळणे, बोगदे व पूल यांचा खर्च वाढला असता, आणि तेवढ्या कर्जात गाडी इंदुरास पोहोचलीच असती असे खात्रीने म्हणता येत नाही. तथापि त्या काटकसरीचे देणे पुढील पिढ्यांकडे आले. इंदूर–महू हा मार्गही रुंद झाला तो एकविसाव्या शतकात. पाताळपाणी–कालाकुंड घाटातील जुन्या मीटरगेजवर २०१८ मध्ये पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली.

संस्थानिकांच्या पैशाने माळव्याचा क्रम वर आणला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण रांगेत पुढे जागा मिळणे वेगळे आणि कामाचे मान ठरविण्याचा अधिकार मिळणे वेगळे. होळकरांना पहिली गोष्ट मिळाली. दुसरी कलकत्त्याच्या हाती राहिली, आणि मार्गाचे पुढील शतक घडविले ते या दुसऱ्या गोष्टीने. सार्वजनिक कामासाठी पैसा उभा करताना केवळ आकड्यावर समाधान मानू नये, हे या इतिहासावरून ध्यानी घ्यावे.