मधे सर्व्हर नसेल तर मेसेज जातो कसा? ‘टॉक्स’ची माहिती

४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि साधारण सहा तास जगभर बंदच राहिलं. मोबाईलला रेंज होती, नेट चालू होतं, तरी शेजारच्या घरात मेसेज जाईना. कारण तो शेजारी थेट जातच नाही. आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून परत येतो. सर्व्हरपर्यंतची वाट बंद झाली की सगळ्यांचं बोलणं बंद.

हा मधला सर्व्हरच काढून टाकायचा प्रयत्न म्हणजे टॉक्स. काम सुरू झालं २०१३ मध्ये. अमेरिकेची गुप्तचर यंत्रणा लोकांच्या इंटरनेटवरच्या बोलण्यावर पाळत ठेवते, हे एडवर्ड स्नोडेनने उघड केलं ते याच वर्षी.

टॉक्स हे एक अ‍ॅप नाही. तो प्रोटोकॉल आहे, म्हणजे दोन फोननी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम. नियम आणि कोड दोन्ही खुले आहेत, त्यामुळे कोणीही त्यावर अ‍ॅप बनवू शकतो. कॉम्प्युटरसाठी क्यूटॉक्स, अँड्रॉइडसाठी एटॉक्स अशी वेगवेगळी अ‍ॅप निघाली. जिओवरून एअरटेलला फोन लागतो, तसा एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर मेसेज जातो.

यात मोबाईल नंबर लागत नाही, ओटीपी येत नाही. अ‍ॅप स्वतःच ७६ अक्षर-आकड्यांची ओळख तयार करतं. ती लिहून देणं कठीणच, म्हणून बहुतेक जण क्यूआर कोड दाखवतात.

मग समोरचा फोन सापडतो कसा? अनोळखी गावात माणूस वेशीवर घर विचारतो. तिथला सांगतो, ‘त्या आळीत विचारा’, आळीतला नेमकं घर दाखवतो. इथेही तसंच. प्रत्येक फोनकडे थोडेच पत्ते असतात, पण जास्त जवळचा कोण हे तो सांगू शकतो. वेशीवरच्या माणसाचं काम मात्र स्वयंसेवकांनी सतत चालू ठेवलेले कॉम्प्युटर करतात. तेवढा आधार लागतोच. शिवाय मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. अशा वेळी थेट जोडणी जमली नाही तर मेसेज याच कॉम्प्युटरवरून पुढे जातो. तो कुलूपबंद असल्याने त्यांना वाचता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा न पोचलेला मेसेज सर्व्हरवर ३० दिवस थांबतो. टॉक्समध्ये थांबायला जागाच नाही, दोघेही एकाच वेळी ऑनलाइन हवेत. सकाळी मुलाने निरोप पाठवला, वडील शेतात, रेंज नाही. संध्याकाळी वडील घरी आले, तर मुलाचा फोन चार्जिंग संपून बंद. निरोप मुलाच्या फोनमध्येच अडकून राहतो. म्हणून अ‍ॅप सतत चालू ठेवावं लागतं आणि बॅटरी उतरते. लाईटचं भारनियमन असलेल्या गावात हे परवडणं अवघड.

फोन हरवला आणि बॅकअप नसेल तर जुनी ओळख परत मिळत नाही. तक्रार करायला कंपनी नाही. जोडलेल्या मित्राला आपला इंटरनेटवरचा पत्ताही दिसू शकतो. टॉक्स अजून प्रायोगिक आहे आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून त्याची रीतसर तपासणी झालेली नाही, हे बनवणारेच सांगतात. बँकेचे किंवा फार खासगी कागद त्यावर न पाठवलेले बरे.

सर्व्हर नाही म्हणजे नेटही लागत नाही, असा गैरसमज होतो. लांबच्या मेसेजसाठी टॉक्सला नेट लागतंच. नेटशिवाय ब्लूटूथ किंवा वायफायवरून जवळच्या फोनला मेसेज पाठवणारं ब्रायर हे वेगळं अ‍ॅप आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून १४ मेसेजिंग अ‍ॅप बंद केली, त्यात ब्रायरचंही नाव होतं.